जादूआधी नीती: विक्काच्या वाटेवर नव्याने येणाऱ्यांसाठी

विक्काबद्दल, म्हणजे आधुनिक विचक्राफ्टच्या धर्माबद्दल, विचारणारे निरोप मला अधूनमधून येतात. काही पुण्या-मुंबईहून, काही शिकायला किंवा नोकरीला इंग्लंड-अमेरिकेत आलेल्या मराठी मुलामुलींचे. पहिला प्रश्न बहुधा ठरलेला असतो: "सुरुवातीला कोणता स्पेल करू?" माझं उत्तरही ठरलेलं आहे. स्पेल, म्हणजे जादूचा प्रयोग, नंतर. तो कोणावर, कोणाला विचारून आणि कशासाठी करायचा, ते आधी ठरवा. मी इंग्लंडमध्ये एका कव्हनमध्ये (एकत्र विधी करणाऱ्या छोट्या गटात) शिकले, दीक्षा घेतली आणि आता नव्याने येणाऱ्यांसोबत बसते. मेणबत्ती कशी लावायची हे सांगणारे खूप भेटतात. ती कधी लावायची नाही, हे मात्र इकडून तिकडून तुकड्यातुकड्यांनी गोळा करावं लागतं. ते एका जागी आणि क्रमाने मिळावं म्हणून हा लेख.

दोन गोष्टी आधीच सांगते. इथे विचक्राफ्ट म्हणजे विसाव्या शतकात ब्रिटनमध्ये आकाराला आलेला, निसर्गाला आणि ऋतुचक्राला मानणारा धर्म. चेटकीण ठरवून छळल्या गेलेल्या बायकांची गोष्ट वेगळी आहे आणि ती आजही आपल्याकडे संपलेली नाही. हा फरक पूर्ण लेखभर लक्षात असू द्या. दुसरं म्हणजे, जादू खरंच चालते का, या वादात मी इथे शिरत नाही. ती चालते असं तुम्ही मानत असाल, तर दुसऱ्याच्या आयुष्यात आपण हात घालतोय हेही मानावं लागेल. ते फक्त स्वतःच्या मनाला दिलेलं वळण आहे असं मानत असाल, तर मन कुठे वळवताय हा प्रश्न उरतोच. दोन्ही बाजूंनी नीतीपासून सुटका नाही.

काय काय लागेल

- एक जाड वही, फक्त याच कामासाठी
- पेन आणि पेन्सिल, कारण बरंच खोडावं लागतं
- साधी मेणबत्ती, जड बुडाचा धातूचा स्टँड, जवळ पाण्याचं भांडं
- तुमच्या भागातल्या वनस्पती ओळखायला चांगलं सचित्र पुस्तक
- अमावास्या-पौर्णिमा दाखवणारं कॅलेंडर
- कव्हनमध्ये जाणार असाल तर त्यांचे लेखी नियम, आणि तुम्ही कुठे जाताय हे माहीत असलेली बाहेरची एक विश्वासू व्यक्ती

महागडा खंजीर, चांदीचा प्याला, झगा यांची आत्ता गरज नाही.

पायरी १: नियम कुठून आला ते समजून घ्या

"कोणाला इजा होत नसेल, तर तुझ्या इच्छेप्रमाणे कर." विक्कन रीड म्हणतात ते हे वाक्य. पुष्कळांना ते हजारो वर्षांचं वाटतं. प्रत्यक्षात आज ज्या शब्दांत ते प्रसिद्ध आहे, ते विक्काच्या सुरुवातीच्या काळातल्या पुरोहित डोरीन व्हॅलिएन्टे यांनी १९६४ साली एका भाषणात लोकांसमोर मांडलं. त्याआधी १९५९ मध्ये जेराल्ड गार्डनर यांनी असाच आशय एका फ्रेंच कादंबरीतल्या राजाच्या तोंडचा म्हणून दिला होता. गार्डनर म्हणजे विक्का जगापुढे आणणारा माणूस. ब्रिटनमधला १७३५ चा विचक्राफ्टविषयीचा कायदा १९५१ मध्ये रद्द झाला आणि १९५४ मध्ये गार्डनर यांनी या धर्माबद्दल उघडपणे पुस्तक लिहिलं.

वचन अलीकडचं आहे म्हणून त्याचं मोल कमी होत नाही. पण ते माणसांनी विचार करून घडवलं आहे, म्हणजे आपल्यालाही त्यावर विचार करावा लागणार. घोकून भागत नाही. त्याचा पहिला अर्धा भाग वाटतो त्यापेक्षा फार अवघड आहे. नोकरी मिळावी म्हणून प्रयोग केला आणि ती मिळाली, तर दुसऱ्या कुणाची हुकली. ही इजा धरायची का? माझ्या मते नाही, कारण तुम्ही त्या माणसाचं काही हिरावलं नाही, रांगेत उभे राहिलात. पण "माझ्या आधीच्या उमेदवाराची मुलाखत बिघडावी" असं मनात आणलंत, तर ती नक्कीच इजा. सीमारेषा अशा ठिकाणी असते आणि ती प्रत्येक वेळी नव्याने शोधावी लागते.

दुसरा नियम तिप्पट परतफेडीचा: जे कराल ते तीन पटींनी तुमच्याकडे येईल. नवी माणसं याला फार घाबरतात. १९४९ मधल्या गार्डनर यांच्या कादंबरीत दीक्षेच्या प्रसंगी जे सांगितलं जातं ते बघा: तुला जे चांगलं मिळेल, ते तिपटीने परत करायला तू बांधील आहेस. म्हणजे तिथे ते कर्तव्य आहे. त्याची धमकी नंतर झाली. मला ते जुनं रूपच पटतं. माझं नुकसान होईल म्हणून मी दुसऱ्याचं वाईट करत नाही, यात नीती कुठे आहे? तो हिशोब झाला.

सगळे विच, म्हणजे विचक्राफ्ट करणारे, रीड मानतात असंही नाही. कॉर्नवॉलमधल्या बॉसकॅसलला जादूटोण्याचं संग्रहालय आहे. तिथल्या टाचण्या टोचलेल्या बाहुल्या पाहिल्या की शाप देणं ही ब्रिटिश लोकपरंपरेची एक जिवंत बाजू होती हे कळतं. आजही स्वतःला पारंपरिक विच म्हणवणारे अनेक जण रीड बाजूला ठेवतात. म्हणून कुणाकडे शिकायला जाण्याआधी थेट विचारा: तुम्ही कोणता नियम मानता, आणि तो मोडला तर काय करता?

पायरी २: संकल्प एका वाक्यात लिहा

पूजेला बसताना आपण हातात पाणी घेऊन संकल्प सोडतो. कोण, कुठे, कोणत्या तिथीला, कशासाठी, हे सगळं त्यात येतं. इथेही तेच करा, पण लेखी. एकच वाक्य. मग त्यातली क्रियापदं अधोरेखित करा आणि प्रत्येक क्रियापद कोण करणार आहे ते बघा.

एक उदाहरण देते. लीड्सला शिकायला आलेल्या एका मुलीचं डिपॉझिट घरमालकाने अडकवून ठेवलं होतं. तिने वहीत लिहिलं होतं: "घरमालकाला धडा मिळावा." मी तिला विचारलं, धडा म्हणजे काय? आजार, अपघात, नुकसान? तिला यातलं काहीच नको होतं. तिने ते खोडलं आणि लिहिलं: "घरमालकाला उपरती व्हावी आणि त्याने माझे पैसे द्यावेत." इथे दोन्ही क्रियापदं घरमालकाच्या गळ्यात आहेत. म्हणजे प्रयोग त्याच्या मनावर झाला. तेही खोडलं. बऱ्याच वेळाने तिसरं वाक्य उतरलं: "मी माझ्या हक्काच्या पैशांचा शेवटपर्यंत पाठपुरावा करीन, माझी हिंमत टिकावी आणि मला न्याय मिळावा." हे वाक्य वापरता येतं. वाचताना तिचा आवाजही बदलला होता, हे मला आवर्जून सांगावंसं वाटतं, कारण पहिल्या वाक्यात ती रडवेली होती.

नेहमीचा सापळा: "सगळ्यांच्या भल्यासाठी" असं शेवटी जोडलं की कुठलंही वाक्य शुद्ध होतं, ही समजूत. तसं होत नाही. सगळ्यांचं भलं कशात आहे हे तुम्ही ठरवलेलं असतं.

पायरी ३: साधे उपाय आधी

त्या मुलीने मेणबत्ती लावण्याआधी काय केलं? इंग्लंडमध्ये नेहमीच्या भाडेकरारात घरमालकाला डिपॉझिट सरकारमान्य योजनेत ठेवावं लागतं, आणि वाद झाला तर त्या योजनेकडे विनाशुल्क दाद मागता येते. तिने घर सोडतानाचे फोटो जमवले, ईमेल काढले, तक्रारीचा अर्ज भरला. अर्ज पाठवला त्या संध्याकाळी प्रयोग केला.

हाच क्रम कायम ठेवा. ताप आला तर डॉक्टर, मारहाण झाली तर पोलीस, नैराश्य वाटत असेल तर समुपदेशक. गोळ्या बंद करून स्पेल करायला सांगणारा माणूस कोणत्याही परंपरेचा असो, त्याच्याकडे परत जाऊ नका.

पायरी ४: संमती घ्या, आणि ती खरी संमती असू द्या

पूर्ण लेखातलं एकच काही लक्षात ठेवणार असाल तर हे ठेवा. दुसऱ्यासाठी काहीही करण्याआधी त्याला विचारा. चांगल्या कामासाठीही. विशेषतः चांगल्या कामासाठी, कारण "मी तर त्याचं भलंच करतेय" या भावनेत माणूस विचारायचं विसरतो.

कसं विचारायचं याची लोकांना अडचण वाटते. परकं वाटेल, हसतील, घाबरतील. साध्या भाषेत विचारावं. हा एक नमुना:

"काकू, तुमच्या ऑपरेशनच्या दिवशी संध्याकाळी मी तुमच्यासाठी घरी एक छोटा विधी करू का? मेणबत्ती लावून तुमची तब्येत लवकर सुधारावी असं म्हणायचं, एवढंच. हा माझ्या श्रद्धेचा भाग आहे. नको असेल तर मोकळेपणाने नको म्हणा, मला अजिबात वाईट वाटणार नाही."

यात काय करणार, कधी करणार, कशासाठी करणार हे आलं, आणि नकाराची वाट उघडी राहिली. काकू म्हणाल्या, "नको गं, मला ते पटत नाही, पण तू ये भेटायला," तर विषय तिथे संपला. डबा घेऊन जा. मुगाची खिचडी न्या, शेजारी बसा, औषधांच्या वेळा कागदावर लिहून द्या. गुपचूप विधी करून "त्यांना कुठे कळणार आहे" असं म्हणणं म्हणजे त्यांचा नकार पायदळी तुडवणं.

काही अवघड जागा:

उत्तरच आलं नाही, तर ते नाही समजा. मौनाला होकार धरायचं नाही.

माणूस बेशुद्ध असेल तर? इथे मतं वेगवेगळी आहेत. काही कव्हन अशा वेळी काहीच करत नाहीत. काही जण "हे इथे ठेवलं आहे, तुला हवं तर घे" अशा शब्दांत करतात. मी जवळच्या नातलगाला विचारते आणि त्या माणसाची स्वतःची श्रद्धा काय आहे ते लक्षात घेते. कट्टर ख्रिस्ती किंवा वारकरी माणसाच्या उशाशी माझ्या देवतांची नावं घेणं मला योग्य वाटत नाही.

लहान मुलांसाठी आई-वडिलांना विचारा. मूल कळत्या वयाचं असेल तर त्यालाही विचारा.

संमती त्या एका कामापुरतीच असते. गुडघेदुखीसाठी हो म्हणालेल्या माणसाने तुम्हाला त्याच्या लग्नाची काळजी करायला सांगितलेलं नाही. आणि कुणाचे केस, नखं, रुमाल, फोटो असं काहीही न विचारता घेऊ नका.

पायरी ५: प्रेमाचे प्रयोग

सगळ्यात जास्त मागणी याचीच. आपल्याकडे लोकलच्या डब्यात वशीकरणाच्या चिठ्ठ्या चिकटवलेल्या असतात. इंटरनेटवर तोच माल गुलाबी मेणबत्तीच्या वेष्टनात मिळतो.

नाव घेऊन कुणाला आपल्याकडे ओढण्याचा प्रयोग करू नका. इथे मी "परिस्थिती पाहून" म्हणत नाही. समजा तो फसला, तर तुम्ही महिनोन्महिने एका बंद दारापाशी बसून राहिलात. पण समजा यशस्वी झाला. तो माणूस परत आला. आता तो तुमच्यासोबत स्वतःच्या मनाने आहे की तुम्ही केलेल्या गोष्टीमुळे? हे तुम्हाला कधीच कळणार नाही. तो हसला तरी शंका, भांडला तरी शंका. आणि तुमचा जादूवर खरोखर विश्वास असेल, तर ज्याला नाही म्हणायची सोय ठेवलेली नाही अशा माणसासोबत तुम्ही राहताय. त्याला काय म्हणतात ते मी वेगळं सांगायची गरज नाही.

मग करायचं काय? प्रयोग स्वतःकडे वळवा. "मला एकटेपणाची भीती कमी वाटावी." "मला साजेशी माणसं माझ्या आयुष्यात यावीत आणि मला ती ओळखता यावीत." तुटलेल्या नात्यासाठी एक साधी कृती आहे. एका कागदावर त्या माणसाला जे सांगायचं राहिलं ते सगळं लिहा, धातूच्या भांड्यात तो कागद जाळा आणि राख वाहत्या नळाखाली सोडा. खिडकी उघडी ठेवा, स्मोक अलार्म वाजतो. यात त्या माणसाकडून काहीही मागितलेलं नाही.

दोघांनी मिळून करायचे विधी चालतात. विक्कात हँडफास्टिंग नावाचा विवाहविधी आहे. दोघांचे हात दोरीने किंवा रिबनीने बांधतात, आणि काही जोडपी एक वर्ष आणि एक दिवस एवढीच शपथ घेऊन मुदत संपल्यावर पुन्हा ठरवतात. दोघंही शुद्धीत, राजीखुशीने, एकमेकांसमोर उभे असतात.

पायरी ६: शाप आणि बंधन

शाप म्हणजे एखाद्याचं वाईट व्हावं म्हणून केलेला प्रयोग. बंधन म्हणजे त्याने आणखी वाईट करू नये म्हणून त्याला रोखणं. हा वाद विच लोकांमध्ये मुळापासून आहे. गार्डनर यांनी स्वतः सांगितलेली गोष्ट घ्या. १९४० मध्ये जर्मन सैन्य इंग्लिश खाडीपलीकडे उभं असताना इंग्लंडच्या दक्षिणेकडल्या न्यू फॉरेस्ट भागातल्या विच लोकांनी जंगलात एकत्र जमून हिटलरच्या मनावर "तुला समुद्र ओलांडता येणार नाही" हा विचार पाठवला, असं त्यांचं म्हणणं. ती घटना तशीच घडली का, यावर अभ्यासकांना शंका आहे. पण विक्काच्या प्रवर्तकानेच अभिमानाने सांगितलेली ही कथा संमतीशिवाय दुसऱ्याच्या मनावर केलेल्या प्रयोगाची आहे, हे डोळ्याआड करता येत नाही. पुढे लॉस एंजेलिसमध्ये १९७१ साली स्त्रियांचं कव्हन उभं करणाऱ्या झुझाना बुडापेस्ट यांनी बलात्काऱ्याला शाप देणं योग्यच आहे अशी भूमिका उघडपणे घेतली. २०१७ मध्ये अमेरिकेत डोनाल्ड ट्रम्प यांच्यावर सामूहिक बंधनप्रयोगाचं आवाहन झालं, तेव्हाही विक्कन लोकांत दोन तट पडले.

माझं मत सांगते. ज्या बाईवर अत्याचार झाला तिच्या रागाला "रीड वाच" असं म्हणणं मला क्रूर वाटतं. तिचा राग खरा आहे आणि त्याला जागा हवी. पण शाप देणारं मन त्या माणसाला रोज आठवत बसतं. बंधनातही तेच होतं, फक्त कमी. म्हणून मी "माझ्याभोवती कुंपण असू दे, तो माझ्यापर्यंत पोचू नये" इथपर्यंत जाते आणि तिथे थांबते. दाराला कुलूप लावायला चोराची परवानगी लागत नाही.

नव्या माणसाने इतकं करावं:

१. रागाच्या भरात काहीही करू नका. वाक्य वहीत लिहा आणि एका अमावास्येपासून पुढच्या अमावास्येपर्यंत, साधारण साडेएकोणतीस दिवस, तसंच राहू द्या.

२. तेवढ्यात एका अनुभवी माणसाला ते वाचून दाखवा. मोठ्याने वाचताना लाज वाटली तर तिथेच उत्तर मिळालं.

३. खरा धोका असेल तर वाट पाहू नका आणि विधीतही वेळ घालवू नका. ब्रिटनमध्ये ९९९, भारतात ११२, महिलांसाठी १८१.

आणि तुमच्यावर कुणी शाप टाकला आहे असं वाटू लागलं, तर उलट शाप देत सुटू नका. झोप, जेवण, कामाचा ताण आधी बघा. संशयाची साखळी एकदा सुरू झाली की घरातली माणसंच शत्रू दिसू लागतात.

पायरी ७: वनस्पती, आग आणि जागा

जादूच्या जुन्या कृतींत बेलाडोना, बचनाग, फॉक्सग्लोव्ह, धोतरा ही नावं येतात. सगळी विषारी. पेनीरॉयलचं तेलही विषारी आहे, "नैसर्गिक" म्हणून ते कुणालाही देऊ नका. घरात मांजर असेल तर सुगंधी तेलांची आधी चौकशी करा.

धूर करायला पांढऱ्या सेजच्या जुड्या सगळीकडे विकायला असतात. ही वनस्पती दक्षिण कॅलिफोर्निया आणि लगतच्या बाहा कॅलिफोर्नियात उगवते, तिथल्या मूळ रहिवाशांना ती पवित्र आहे आणि बाजारासाठी ती चोरून तोडली जाते. त्या लोकांना स्वतःचे विधी करण्याच्या हक्काची कायद्याने हमी मिळायला १९७८ साल उजाडावं लागलं. त्यांच्या धुराची नक्कल आपण कशाला करायची? स्कॉटलंडमध्ये जुनिपरच्या फांद्यांचा धूर घरात फिरवायची जुनी रीत आहे. कुंडीतली रोझमेरी चालते. आपला ऊद आणि धूप तर आहेच.

जागांबद्दल थोडं जास्त सांगते, कारण इथे नुकसान डोळ्यांना दिसतं. स्कॉटलंडमधल्या मनलॉकीजवळ एक झरा आहे. तिथे आजारी माणसाच्या कपड्याची चिंधी झाडाला बांधायची पद्धत आहे. चिंधी कुजत जाते तसा आजार ओसरतो, अशी श्रद्धा. आता लोक तिथे नायलॉन आणि पॉलिस्टरचे कपडे बांधून जातात. ते कुजतच नाहीत, झाडाच्या फांद्या मात्र गुदमरतात. विधीचा अर्थच त्या नायलॉनने मारला. बांधायचंच असेल तर सुती किंवा लोकरी धागा, सैल गाठीने. इंग्लंडमध्ये एव्हबरीजवळच्या वेस्ट केनेटच्या पाच हजारांहून जास्त वर्षं जुन्या थडग्यात लोक टी-लाइट लावतात. मेण आणि काजळी दगडावर बसते, ती निघत नाही. अशा ठिकाणी काही ठेवू नका, काही उचलू नका.

पायरी ८: कव्हन निवडताना

घाईने दीक्षा देणाऱ्यांपासून सावध राहा. बहुतेक जुन्या परंपरांत पहिल्या दीक्षेआधी एक वर्ष आणि एक दिवस शिकण्याची रीत आहे, म्हणजे दोन्ही बाजूंना एकमेकांना पारखायला वेळ मिळतो. काही परंपरांत विधी विवस्त्र होतात. हे तुम्हाला आधी सांगितलं गेलं पाहिजे, आणि तुम्ही नको म्हणालात तर दबाव येता कामा नये. दीक्षेच्या किंवा ज्ञानाच्या बदल्यात शरीरसंबंध मागितला गेला तर त्याच क्षणी बाहेर पडा. असा कुठलाही नियम कुठल्याही प्रामाणिक परंपरेत नाही. अठरा वर्षांखालच्या मुलांना आई-वडिलांच्या नकळत शिकवणाऱ्या गटातही जाऊ नका.

आयझॅक बोनविट्स या अमेरिकन ड्रुइडांनी (ड्रुइड म्हणजे निसर्ग मानणाऱ्या अशाच एका पंथाचे) कुठल्याही गटाचा धोका मोजण्यासाठी एक प्रश्नावली बनवली होती. तिचा गाभा सरळ आहे: पुढारी तुमच्या पैशावर, वेळेवर, मैत्रीवर, लैंगिक आयुष्यावर किती ताबा ठेवतो? त्याच्यावर टीका केलेली चालते का? सोडून जाता येतं का? कागदावर उतरवून उत्तरं लिहा.

कव्हनमध्ये "परिपूर्ण प्रेम आणि परिपूर्ण विश्वास" असं म्हणतात. मला हे शब्द प्रिय आहेत. पण प्रश्न विचारणाऱ्याला गप्प करायला कुणी ते वापरले, तर तिथे दोन्हीही नाहीत असं समजा. गुप्ततेचंही तसंच. इतर सदस्यांची नावं बाहेर सांगायची नाहीत, हा नियम कसोशीने पाळा, कारण त्यात कुणाची नोकरी, कुणाचं घर अडकलेलं असतं. गुन्हा लपवायला मात्र तो नियम नाही.

पायरी ९: पैसे

गार्डनर यांच्या परंपरेत दीक्षेचे पैसे घेत नाहीत. हॉलचं भाडं, मेणबत्त्या, जेवण यांची वर्गणी वेगळी. सार्वजनिक कार्यशाळेची फी, टॅरो (भविष्य पाहायचे पत्ते) वाचनाचे ठरलेले पैसे, यातही मला गैर वाटत नाही, रक्कम आधी सांगितली असेल तर. गैर काय, तर आधी भीती घालायची आणि मग ती काढायचे पैसे घ्यायचे. "तुमच्यावर काळी छाया आहे, पहिला विधी इतक्याचा, दुसरा तितक्याचा." हे ऐकलं की उठा.

पायरी १०: नोंद ठेवा

तारीख, संकल्पाचं वाक्य, कोणाची संमती कधी घेतली, काय केलं, पुढे काय झालं. चुकलेले अंदाजही लिहा. फक्त यशाच्या गोष्टी लिहिणाऱ्या वह्या माणसाला गर्विष्ठ करतात. दुसऱ्यांची नावं आद्याक्षरांनीच लिहा.

पायरी ११: महाराष्ट्रात असाल, किंवा घरी जाणार असाल

नातेवाइकांना कळलं की दोन प्रकार होतात. काही जण दचकतात, काही जण हळूच बाजूला घेऊन म्हणतात, "अगं, बघ ना, आमच्यावर कुणी काही केलंय का?" या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर कधीही, कुणालाही, गमतीतही देऊ नका. तुमच्या तोंडून एखाद्या जावेचं किंवा शेजारणीचं नाव गेलं, तर तिचं आयुष्य उद्ध्वस्त होऊ शकतं. नंदुरबारच्या आदिवासी भागात डाकीण ठरवून बायकांना मारहाण झालेली आहे, गावाबाहेर काढलेलं आहे. तुमच्या हातात टॅरोचे पत्ते असोत की नसोत, अशा वेळी तुमचा शब्द म्हणजे पुरावा मानला जातो. सरळ म्हणा, "असं मी सांगत नाही, आणि सांगणाऱ्यावर विश्वासही ठेवू नका."

कायदाही नीट माहीत हवा. डॉ. नरेंद्र दाभोलकर यांची २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात हत्या झाली. त्यानंतर काही दिवसांतच जादूटोणाविरोधी अध्यादेश निघाला आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये कायदा झाला. त्यासाठी त्यांनी अनेक वर्षं लढा दिला होता. घरात शांतपणे मेणबत्ती लावून प्रार्थना करण्यावर या कायद्याचा रोख नाही. एखादी व्यक्ती करणी करते असं पसरवणं, भुताच्या नावाने मारहाण करणं, चमत्काराच्या दाव्याने लोकांना फसवून पैसे उकळणं, अंगात दैवी शक्ती असल्याचं भासवून धमकावणं, कुत्रा, साप किंवा विंचू चावलेल्या माणसाला दवाखान्यात नेण्यापासून रोखणं, विशेष शक्तीच्या नावाखाली लैंगिक संबंध ठेवणं, हे सगळे गुन्हे आहेत. शिक्षा सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत कैद आणि पाच हजारांपासून पन्नास हजार रुपयांपर्यंत दंड. गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र आहे. ही यादी वरच्या पायऱ्यांशी ताडून बघा, दोन्हींत किती साम्य आहे ते दिसेल. काही विच मंडळी या कायद्याला आपला शत्रू समजतात. मला तो आपला वाटतो.

विक्काचं नाव वापरून महाराष्ट्रात कुणी असं काही करताना दिसलं, तर ते "आपल्यातलं" म्हणून झाकू नका. संदेश, पैसे दिल्याच्या पावत्या, फोटो जपून ठेवा आणि जवळच्या पोलीस ठाण्यात जा. या कायद्यात दक्षता अधिकारी नेमण्याची तरतूद आहे आणि तो पोलीस निरीक्षकापेक्षा कमी दर्जाचा नसतो. ठाण्यात गेल्यावर त्यालाच भेटायचं आहे असं सांगा, आणि तक्रारीची प्रत मागून घ्या.